पाटी धरणारा

महापालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये, बंद पंख्याखाली,
मी घरं स्कॅन करायल्ये. फोटोमागे चार रुपये.

रस्ता रुंद करायचा ठरलं तेव्हाचे हे फोटो.
कोनवाळ गल्ली, चव्हाट गल्ली, मग शहापूर.
दर्शनी भिंतीवर तांबड्या पेन्सिलीची उभी रेघ:
इथपर्यंत जाणार.
रेघेच्या अलीकडे कट्टा, दोन पायऱ्या,
पायरीवर वाळत ठेवलेल्या सुताच्या लडी,
मक्तुमसाब घड्याळवाल्याच्या दुकानाची अर्धी फळी.
पलीकडे उरलेलं घर,
एस्टीत तिसऱ्याला जागा द्यावी
तसं अंग चोरून.

आणि प्रत्येक फोटोत एक हात.
घर नंबराची पाटी धरलेला,
खाकी बाही, अंगठ्याचं नख काळं पडलेलं.
माणूस चौकटीबाहेर.
दोनशे अकरा घरं झाली, अजून कोपराच्या वर गेला नाही.

पहिल्या गठ्ठ्यात पाटीवर मराठी आकडे.
दुसऱ्यात कानडी.
मधल्या एका फोटोत तो पुसता पुसता सापडलाय:
दोन गेला, आठ अर्धा गेला,
शून्य तेवढं त्यानं ठेवलं.
ते दोन्हीकडं चालतंय की.

फॉर्ममध्ये रकाने आहेत. मालक. मजले. छप्पर.
व्यक्ती, असल्यास.
साहेब म्हणाले, हाताला व्यक्ती धरू नका.

नावासाठी मी जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्या
चिदानंद हुंदऱ्यांना विचारलं. त्यांचे वडील इथंच कारकून होते.
सत्याप्पा असेल, म्हणाले. नाहीतर निंगाप्पा.
कोण बघायलंय त्यावेळी?

आज तीनशे चाळीस नंबर.
पाटणेकर तांबटांचं घर, दोनदा.
एक नीट. सगळे ताठ, पोरांचे हात मांडीला चिकटलेले.
दुसरा बिघडलेला:
त्यानं पाटी उलटी धरलीय
आणि आख्खी गॅलरी हसायल्ये.
एक बाई पदर दातात धरून,
एक म्हातारा कठड्यावर थापा मारत,
फोटोग्राफर ओरडला असेल,
हसू नका ओ, नगबेडरी!
तेवढ्यात तो स्वतःच वाकून
पाटीत काय चुकलं बघायला आलाय.
टोपी. एक कान. हसण्यानं मिटलेला डोळा.

मशीन अक्षरं वाचून फोटो आपोआप सरळ करतं.
त्यानं पाटी सरळ केली.
घर कौलांवर उभं राहिलं.
पायऱ्या आभाळात, तांबडी रेघ मात्र उभीच,
आणि माणसं डोकं खाली करून
अजून हसायल्यात.

खाली प्रश्न आला: एकाच घराचे दोन फोटो. एक काढून टाकू?

मी व्यक्तीच्या रकान्यात मोजून लिहायला लागले.
गॅलरीत नऊ. दारात चार. एक मांजर, ते धरलं नाही.
पाटीपाशी एक.