बदली

दोन आठवड्यांसाठी आले होते मी.
ग्रिम्सबीच्या गोदीत बर्फाची पेटी पडून
रॉडनी स्लाइटचं मनगट मोडलं
आणि शनिवारी लीड्सला कार्यक्रम ठरलेला.
ऑल्विननं हातात एक कॅसेट कोंबली:
"एवढं बसव. तो आला की तू मोकळी."

साल एक्क्याऐंशी.
माझ्या अंगाला मासे साफ करायच्या शेडचा वास,
बेस गिटार म्हणजे खांद्याला रुतणारी
चार तारांची फळी.
बँडचं नाव स्लॅक वॉटर.
भरती संपली, ओहोटी लागली नाही,
त्या मधल्या वीस मिनिटांचं पाणी.
बंदरातल्या पोरांना एवढं तरी कळतं.

रॉडनी आला नाही.
नॉर्वेच्या बोटीवर लागला म्हणे.

मग ऑल्विन.
दुसऱ्या रेकॉर्डच्या ऐन मधे चहा करायला म्हणून उठला
तो थेट स्वान्सीला, आईकडे.
पुढे ड्रायव्हिंगच्या परीक्षा घ्यायला लागला,
आमच्याच एका ड्रमरला नापास केलं त्यानं.
ड्रमर किती झाले ते विचारू नका.
ल्युब्लियानाची नेव्हेन्का तेवढी लक्षात आहे;
तिचा व्हिसा संपला
आणि आम्ही तीन महिने ड्रमशिवाय वाजवलं.
समीक्षक म्हणाले, काय हे धाडस!

फर्गसचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही.
त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत,
माझ्याच बाटलीतले,
कुठली कळ कुठवर फिरवायची त्याच्या खुणा.
त्याच्यामागून चौघे आले.
प्रत्येकाला सांगितलं:
ठिपक्यांवर ठेव. बाकी तुझं तू.

नव्व्याण्णव साली नावावरून खटला.
न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं,
"मग बँड म्हणजे नेमकं कोण?"
वकिलानं माझ्याकडे बोट दाखवलं.
मी म्हटलं, साहेब, मी बदलीवर आहे.

काल क्लीथॉर्प्सला, कार्यक्रमानंतर,
टी-शर्टच्या टेबलाशी एक म्हातारा.
डावं मनगट किंचित वाकडं.
"बरं झालंय आता," हात पुढे करत म्हणाला,
जणू आजारपणाची रजा संपवून
सोमवारी कामावर हजर.
एक्केचाळीस वर्षं!
मी मागच्या पेटीकडे वळलेसुद्धा,
गिटार काढून द्यायला. शपथ.

"नको गं. एकच विचारायचं होतं.
तिसऱ्या गाण्यात, कडव्याच्या तोंडाशी,
तू एका सुरावर अडखळतेस. दर वेळी.
ते कुठून आणलंस?"
"तुझंच ते. कॅसेटवर आहे."
"मी कधीच वाजवलं नाही तसं."

हॉलमध्ये खुर्च्या आवरण्याचा आवाज.
मग त्यालाच आठवलं:
व्हॅनच्या हीटरवर राहिली होती ती कॅसेट,
रात्रभर.
फीत एका जागी ताणली असेल.

पलीकडे आमची नवी गिटारवाली, इफेयिन्वा,
वय तेवीस, हलची,
कोपरावर वायर गुंडाळत
तेच कडवं गुणगुणत होती,
अडखळण्यासकट.

रॉडनीनं टी-शर्ट घेतला, सगळ्यात मोठ्या मापाचा.
पैसे घेतले मी त्याच्याकडून.
पुरते.