चव

दोह्यात पहाटे साडेपाचला बाहेर चौतीस,
प्रयोगशाळेत वीस, ठरवून दिलेले वीस.
मी हातमोजे चढवते, श्वास जरा आवरते.
काचेच्या घुमटाखाली एक किलो बसलाय.
त्याला बोट लागता कामा नये,
ठशालाही वजन असतं.

दर दोन वर्षांनी तो विमानाने जातो
एका थंड देशात, कुणाच्या तरी मांडीवर,
मी अजून किलोच आहे ना, हे विचारायला.

मौझा नवीन आहे. चिडते.
"अर्ध्या जगाच्या चुली आमच्या गॅसवर,
आणि आमचा किलो खरा की खोटा
हे दुसऱ्यांनी सांगायचं?"

मी चिपळूणची. वडिलांचं दुकान सुकटीचं.
शेजारचा दामूशेठ पारड्याखाली चिंच चिकटवायचा,
वडील नाही चिकटवायचे, पण गिऱ्हाईक
दोघांकडेही सारखंच वाकून बघायचं.
मग वडिलांनी शिक्क्याची पितळी वजनं आणली, उसनवारीने,
आणि काटा दुकानाच्या तोंडाशी मांडला.
त्यानंतर त्यांचा आवाज
कधी चढलेला आठवत नाही.

एवढं अरबीत सांगायला जमेना. इतकंच म्हटलं:
जहाज लागलं की तिथला माणूस
मीटरवरचा शिक्का बघतो.
ओळखीचा असला तर चहा येतो,
नाहीतर वकील.

दुसऱ्या दिवशी ती सागवानी डबी घेऊन आली.
पणजोबा तव्वाश, मोत्यांचे व्यापारी.
आत अकीकाची वजनं, खसखशीपासून बोराएवढी,
आणि वही. प्रत्येक मोत्यापुढे एकच शब्द: चव.
"म्हणजे काय?"
आमच्याकडे जिभेची असते, मी म्हटलं.
मग खालची ओळ तिनेच वाचली:
मुंबईचं माप.

समुद्र त्यांचा. बुडी त्यांची, फुटलेले कान त्यांचे.
मोती केवढा, ते मात्र
आमच्याकडच्या कुठल्याशा पेढीच्या हिशेबाने,
कारण घेणारा तिथे लोडाला टेकून बसला होता.

"तेव्हा गरज होती," मौझा म्हणाली. "आणि आता?"
आता फीत कापतात, मी म्हटलं,
आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

अकीकाचा सगळ्यात लहान खडा
चिमट्याने पारड्यात ठेवला.
शेवटचा आकडा काही केल्या थांबेना.
"मागे सरक," मी म्हटलं, "तुझा श्वास लागतोय."
ती सरकली.
आकडा हलतच होता.
मग मीही सरकले.