किलोमीटर अन् तास

बस प्रज्वल, त्या टायरवर बस.
तुझ्या मायचा फोन आल्ता.
हेवी लायसन काढू का पोकलेनचा कोर्स करू,
पोट्टं विचारून राहिलं म्हने.
मी दोन्ही केलं. चौदा वर्षं ट्रक,
हे नववं वर्ष खदानीत.
तरी मले धड सांगता येत नाही.

ट्रकचं वय किलोमीटरमध्ये मोजतात,
मशीनचं तासात.
इथून समजून घे.

वणीहून कापसाच्या गाठी भरल्या
की कोइमतूरपर्यंत एकच काम, समोर पाहनं.
समोर म्हनजे पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे.
क्लच दाबून दाबून डावा गुडघा म्हातारा होते,
उजवा तरनाच राहते.
झोप मध्यरात्री येते म्हनतात, ते उगाच.
ती येते पहाटे चारले, अंग चोरून,
चहा पिऊन झाल्यावर, तंबाखू चोळता चोळता.
तुले वाटते आपन जागे आहो,
अन् मधले तीन पूल तुले आठवतच नाहीत.

तीन पूल, लेका.
कोन चालवत होतं गाडी?

मग तिकडं माल उतरेपर्यंत चार दिवस
गाडीखाली चटई टाकून पडायचं.
‘तन्नी’ म्हटलं की पानी भेटते,
एवढीच भाषा आली मले चौदा वर्षांत.
पल्लवी चालाले लागली, ते मी
आदिलाबादच्या नाक्यावर रांगेत ऐकलं.

मशीनवर झोप येत नाही.
तिथं बकेट भर, वळ, टाक, परत वळ.
पाच बकेटांत एक डंपर.
तो हॉर्न मारते, निघते, मागचा येऊन लागते.
सकाळी जिथं चढला, संध्याकाळी उतरशील
तिथून चार हात खाली.
गेला कुठंच नाही.

पन बूड शिकते.
हसू नको. दातांखाली काय आलं
ते डोळ्याच्या आधी बुडाले समजते.
काळी माती गुमान सुटते,
पिवळी धरून ठेवते, झटकावी लागते,
दगड लागला तर आधी सीट सांगते, मग कान.
बेंचची कड मऊ झाली
हे शालिक निखाडेच्याही बुडाले कळलं होतं,
पन जरा उशिरा.
वाचला. आता गेटवर रजिस्टर लिहिते.

आता मी रोज घरी असतो.
मामी म्हनते, असून काय,
तुमच्या कानाले काही ऐकूच येत नाही,
फोनवर तरी बोलत होते.

अन् एक सांगतो, कोनाले सांगू नको.
मागच्या हिवाळ्यात खदान सरकली,
पिंपळखुटीचा जुना रस्ता तिच्या हद्दीत आला.
सुपरवायझरनं मलेच लावलं त्याच्यावर.
डांबर निघालं खपलीसारखं,
खाली मुरूम, त्याच्याखाली
कोन्या जमान्यात हातानं रचलेले दगड.
ज्या वळनावर चौदा वर्षं गिअर पाडला
ते वळन अडीच बकेटांत निघालं.
हाताले समजेना, पाय मात्र
नसलेला क्लच शोधत होता.

मग मैलाचा दगड आला. वणी १४.
घेतला बकेटमध्ये, अंडं उचलावं तसा,
अन् डंपरमध्ये नाही टाकला.
बाजूले नेऊन ठेवला, चुन्याच्या रेघेबाहेर.
सुपरवायझर ओरडला, काय झालं?
म्हटलं, हायड्रॉलिक पाहून राहिलो.
अजून तिथंच आहे तो.
चाळीस पावलं सरकला,
तरी वणी चौदाच सांगते.

असो. तू ये इकडं, पाठ दाखव.
उभा नको राहू, बसूनच दाखव.
दोन्हीले तेच लागते.