चाळीस मीटरचं वळण

पहाटे विनारोसच्या बंदरात
बोटींची इंजिनं खोकत होती,
तेव्हाच मी टायरमधली हवा अंमळ कमी करून निघाले.
फुगलेलं चाक मुरमावर उधळतं.
नरम चाक दगडाशी आधी बोलून घेतं.

काम सोपं होतं, कागदावर:
समुद्रापासून डोंगरापर्यंत एक रेघ आखून द्या,
डांबर जमेल तितकं टाळा.
जर्मन येतील, डच येतील, खोल्या भरतील.
पैसे किलोमीटरमागे.

बारा किलोमीटर ऑलिव्हची झाडं,
पिळलेल्या धुण्यासारखी बुंध्यात मुरगळलेली.
मग कोरडी नदी. तिच्या गोट्यांवर सायकल हातात धरून चालले.
मग चढ,
आणि चढाच्या दोन्ही अंगांना गडगे,
चुना नाही, माती नाही,
दगडाला दगडाचाच आधार.
मधली वाट मेंढ्यांची.
नोव्हेंबरात त्या खाली उतरायच्या, जूनमध्ये वर चढायच्या.
आता त्यांच्या खुरांच्या जागी
माझी एकच बारीक रेघ,
तीही वारा पुसत येतोय मागून.

सहाव्या वळणावर पोटऱ्यांत गोळे आले.
आठव्यावर मी रोजमेरीच्या झुडपाला शिव्या दिल्या,
त्याचा काही दोष नसताना.

वर, नळाशी, फेर्मी उभे होते.
सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही त्यांनी.
"समुद्र कुठल्या रंगाचा होता?"
"राखाडी."
"मग उद्या वारा सुटणार."

नऊ वर्षांचे असताना ते पहिल्यांदा उतरले खाली,
कळपामागून, चार दिवस.
मला वर यायला पाच तास लागले, मी म्हणाले, जरा तोऱ्यातच.
"तुझ्या खांद्यावर कोकरू नव्हतं," ते म्हणाले
आणि माझी बाटली भरून दिली.

मी फोनवर रेघ दाखवली.
त्यांनी बोट ठेवलं, नकाशा उडाला,
आणि आम्ही दोघं भर समुद्रात जाऊन पडलो.
बोट विजारीला पुसून त्यांनी पुन्हा ठेवलं, हलकेच,
तापलेल्या तव्यावर ठेवावं तसं.
"ही माझ्या खळ्यावरून जाते."
"हो. सरळ पडते तिथून."
"सप्टेंबरात ओब्दुलिया तिथं बदाम वाळत घालते.
चाकं नकोत."

मी खळ्याकडे पाहिलं.
फरशांच्या फटींतून गुडघाभर गवत, मध्ये दोन-चार लाल खसखशीची फुलं.
पलीकडे बदामाची झाडं, काळी, सालं सुटलेली,
एकाही फांदीवर पान नाही, आणि महिना मे.
खालच्या गावात पाव घेताना बेकरीवालीनं सांगितलं होतं,
ओब्दुलियाला जाऊन चार हिवाळे झाले.

मी फोन गुडघ्यावर ठेवला,
आणि रेघ खळ्याच्या काठाकाठानं वाकवली,
गडग्याला लागून, अंजिराच्या मागून.
चाळीस मीटर जास्त.
त्याचे पैसे काय, दोन कॉफ्यांचेसुद्धा होणार नाहीत.

कचेरीत किर्झेनं पडदा मोठा करून विचारलं,
"इथं हे पोट कशाला सुटलंय रेघेला?
सरळ जागा मोकळी दिसतेय वरून."
मी म्हटलं, वरून.
फॉर्ममध्ये एक रकाना होता: पृष्ठभाग.
डांबर, खडी, मुरूम, माती, असं लिहायचं त्यात.
त्या चाळीस मीटरांच्या ओळीत
मी लिहिलं: बदाम.
त्यानं ते वाचलं की नाही, ठाऊक नाही.
शिक्का मारला.

सप्टेंबरात मी पुन्हा गेले, खुणेच्या पाट्या ठोकायला.
माझ्यापुढे दोघं अनोळखी, धुळीनं पांढरे,
अंजिराशी आले, पडद्याकडे बघत कुरकुरले,
आणि वळले.
खळ्याच्या कडेला फेर्मी काठी आडवी धरून उभे होते,
कळप अडवायला धरतात तशी.
गवत कापलेलं होतं.
फरशा झाडून स्वच्छ.