लाँग केस

मेडिकलचा जुना माल आहो मी, बाप्पा.
एकोनीस वर्षं झाले.
परीक्षा जवळ आली का वार्डातला शिपाई फोन करते,
"डोमाजी, सोमवारी या. उपाशी नोका येऊ."
चहा, दोन बिस्किटं, जान्या-येन्याचे पैसे,
अन् पलंगावर पडून राहाचं, सदरा काढून.

माह्या छातीतला आवाज म्हने लय साफ आहे,
पुस्तकात लिहिला तसाच.
पोट्टे येतेत, हात थरथरतेत.
मी हळूच सांगतो,
डाव्या कुशीवर घे मले,
नळीची लहान बाजू लाव,
श्वास सोडाले लाव, मंग थांब.
आलं?
माह्या कुशीवरून पास झालेले कितीतरी
आता धंतोलीत दवाखाने टाकून बसले आहेत.

यंदा काझी मॅडम आल्या.
म्हने, नळ्या टेबलावर ठेवा. कागदं पन.
आज काका सांगतीन, तुम्ही ऐका.
मी लागलो पाठ म्हनाले:
दम लागते, दोन जिने चढलो का.
झोपलो का वाढते.
लहानपनी सांधे सुजले होते, ताप होता...
"हे नाही, काका."
मंग काय?
दुसरं कधी कोनी इचारलंच नवतं.
कूलरमदलं पानी सरलं होतं, नुसता गरम वारा फेकून राहिला.
एक पोट्टा घड्याळ पाहे.

मंग कुठून आलं, मालूम नाही, पन आलं.
तांडापेठेतला खड्डा माग.
पाय खाली पावडीवर, धोटा इकडून तिकडं.
अकरा हात लुगडं झालं होतं, काळ्या काठाचं,
अन् दमच सरला.
दोघायनं बगलेत धरून वर काढलं मले.
त्या खड्ड्यात मी पुन्हा उतरलो नाही.
उरलेलं कौतिकानं पुरं केलं.
माहा ठोका जड, तिचा हलका.
जोड दिसते, पाहनाऱ्याले.
शेठनं लुगडं परत पाठवलं.
मंग तिनंच नेसलं, पोरीच्या लग्नात.

कोनी काही बोलेना.
टेंभुर्णे नावाची पोट्टी आहे एक, भंडाऱ्याकडची, मांगं मांगं उभी राहनारी,
ती म्हने, "काका, नेसल्यावर तो जोड कुठं यायचा?"
निऱ्यायच्या आत, मी म्हटलं.
ती हसली. मीबी हसलो.
अन् हसता हसता काऊन डोळे भरले, कोन जाने.
मॅडमनं पानी देल्लं.
नाडी कोनी धरली नाही.

मंग परीक्षा आली.
बाहेरगावचे सर, घाईत, रेल्वेचं टायमिंग सांगून राहिले.
माह्या पलंगाशी नेमकी तीच पोट्टी.
नाव डोमाजी हेडाऊ, वय एकसष्ट, धंदा...
इथं सारे मजूर लिहितेत.
त्या कागदावर मी एकोनीस वर्षं मजूरच होतो.
"विणकर," ती म्हने. "हातमागावर, खड्ड्यात बसून."
सर म्हने, "बरं बरं, पुढं."

पुढं मात्र ती अडकली.
नळी फिरवे, पन आवाज सापडे ना.
सर तं उशाशीच उभे,
सांगावं कसं?
मी आपल्या मनानंच
वळलो डाव्या कुशीवर,
श्वास सोडला,
अन् थांबलो.