कच्चा रंग

वेणू, ती चादर आधी काढ गाडीवरनं.
माहिताय मला, घरचीच आहे, सेकंडची आहे,
थंडी पडायच्या आत आईनं दिली असेल काढून.
काढ. सांगतो.

गॅरेज कुणाला आहे आपल्या गल्लीत?
मागं लूम, पुढं लूम, मधे दोन हात रस्ता,
त्यात तुझी गाडी, माझी व्हॅन, पुलगमांची टाकी,
आणि हे लिंबाचं झाड,
अर्ध्या अक्कलकोट रोडचे कावळे याच्यावर मुक्कामाला.
दिवाळी सरली की कारखान्याचं धुराडं पेटतं,
पहाटे टपावर काळी राख,
बोटानं चोळलीस की रेघ उठलीच म्हणून समज.
रात्रभर दव, दवावर लूममधलं तूस.
सकाळी बघ, गाडीला दाढी आलेली असते.

नळ येईल त्या दिवशी अर्धी बादली लपवून ठेव.
आधी नुसतं पाणी सोड. हात लावू नको.
राख आपली आपण उतरू दे.
मग टॉवेल घे, नापास मालातला,
पण काठ कापून टाक, काठाची शिवण ओरखडते,
आणि ते लेबलही.
पुसून झालं की दुधाची रिकामी पिशवी
हातात मोज्यासारखी घाल, बॉनेटवरनं फिरव.
खरखर लागली तर परत धू.
माझे हात सव्वीस वर्षं सोड्यात होते,
गरम चहाचा कप कळत नाही त्यांना.
पण पिशवीतून कळतं बघ. का ते मला विचारू नको.

मेण सावलीत लावायचं,
हात आखडून लावलेल्या तुपाएवढंच.
जास्त लावलंस तर धूळ जेवायला बसते.
आणि मग उघडी ठेव गाडी.
हो, उघडी.
ऊन वर यायच्या आत दव टिपून घे,
कावळ्याचं काही पडलं तर चहा सोडून ऊठ.
एवढंच.

मीही झाकली होती की रे.
व्हॅन घेतली ते पहिलं वर्ष, पांढरी शुभ्र,
भूदेवीनं हळदकुंकू लावलेलं चाकाला.
मरून चादर घातली वरनं, मोराची,
माझ्याच हातच्या डायमधली.
आठ दिवस दव प्याली ती चादर.
नवव्या दिवशी काढली तर
बॉनेटवर मोर.
गुलाबी. पिसारा सुद्धा दिसत होता.

तेव्हा आठवला तो लॉट.
रंगानंतर उकळत्या साबणाच्या दोन धुण्या लागतात,
शेठ दारात उभा, मागं ट्रक चालू,
"एक धुणी वाचवा मास्तर, कोण बघतंय?"
मी वाल्व फिरवला.
दुसऱ्या कुणी नाही, मीच.
नऊशे चादरी होत्या.
एक फाटकी निघाली, ती मी घरी आणली.
बाकीच्या कुठं गेल्या, विचारलं नाही.
कुणाच्या पांढऱ्या बनियनला,
कुणाच्या बाळंतिणीच्या दुपट्याला,
मला काय माहीत.

घासून घासून मोर गेला.
डाव्या दिव्याखाली एक पीस राहिलंय, हे बघ, हितं.
पेंटर म्हणतो दहा मिनिटांचं काम.
भूदेवी म्हणते, करून टाका एकदाचं,
शाळेची पोरं त्याला टिकली म्हणतात.
मी दर वर्षी थंडीच्या आधी
सगळ्या गाडीबरोबर त्याच्यावरही मेण लावतो.
ते एवढं पक्कं बसलंय आता,
माझ्या हातचं दुसरं काही बसलं नसेल.

चल, घडी घालू. तू ते टोक धर.
झटक जरा, राख उडू दे.
ही पण मरूनच की रे.
कधीची म्हणाली आई? कुठनं घेतली?

थांब.
कोपरा ओला कर.
पांढरं फडकं आहे का? दे.
त्याच्यावर ठेव,
आता अंगठ्यानं दाब. जोरात.
मला नको, तूच दाब.
मी बघतो.