पेवाची किंमत

हरिपूरच्या भूपाल आरवाडेंच्या मिळकतीचं
मूल्यांकन करायला गेले, बँकेच्या वतीनं.

सोनं सोपं. सराफकट्ट्यावर कस लावायचा,
घट वजा, आजचा भाव.
ठेवपावतीवर तर तारीखच छापलेली,
कधी किती, वाद नाही.
शेअर कागदी, बंद पडलेल्या सूतगिरणीचे;
अजून धोतराच्या घडीत जपलेले.
जमिनीला विचारायचं, शेजारची कितीला गेली,
आणि पाणी कुठवर आलं होतं.

मग ते म्हणाले, पेव राहिलं की.
मागच्या माळावर दगड सरकवला. खाली अंधार,
हळदीचा वास अजून, हळद नाही;
महापुरानंतर कुणी पोतं टाकलेलं नाही.
उद्या जे काही देणार नाही
त्याला आज काय लिहू?
मी शून्य लिहिलं.

"लिहा," म्हणाले. "आम्ही उतरायच्या आधी
कंदील सोडायचो दोरीनं.
विझला, तर भाव कितीही चढो,
त्या दिवशी हळद खालीच."

परतताना, संगमाच्या वळणावर,
रिक्षात कागद पुन्हा पाहिले.
बेरीज बरोबर होती.
'जोखीम'च्या रकान्यात
मागच्याच फाइलमधलं वाक्य होतं,
मीच उतरवलेलं.